गरम झाल्यावर बंद पडते

अमरावतीत माझं जुन्या मोटरसायकलींचं काम चालतं. बुलेट, येझदी, राजदूत, क्वचित एखादी जावा. मार्च उलटला की गाऱ्हाणं बहुधा एकच. "भाऊ, सकाळी एका किकमधे सुरू होते, अन् मूर्तिजापूर आलं का बंद पडते. मंग घंटाभर सुरूच होऊन नाही राह्यली." तोवर गाडीवाल्याने नवा प्लग टाकलेला असतो, कार्बोरेटर साफ करून घेतलेलं असतं आणि इंजिन उघडायचा सल्ला देणाराही कोणीतरी भेटलेला असतो.

मी पान्याला हात लावण्याआधी विचारतो, बंद पडली ती कशी? पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी ओढ सोडते, आचके देते, चोक ओढला की क्षणभर सावरते. करंट गेला तर खटकन बंद, मधलं काही नाही. आणि आधी मिसिंग, मग सायलेन्सरमधून फटाके, मग बंद, असं सांगितलं की माझा संशय कंडेन्सरवर जातो.

पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने ही मांडणी १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी केली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६पर्यंत निघालेल्या येझदींपैकी बहुतेक त्याच तत्त्वावर चालल्या. यात कंडेन्सरचं काम दिसायला किरकोळ आहे. पॉइंट उघडताना वीज त्या फटीतून उडी मारू पाहते, ती तो स्वतःत घेतो. तो निकामी झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. झाकण काढून किक मारा. पॉइंटमध्ये जाड, पांढरट निळी ठिणगी लखलखली आणि टोकं काळी पडलेली दिसली, तर पुढे शोधायची गरज नाही.

कंडेन्सर थंडपणी ठणठणीत असतो, ही खरी अडचण. अकोल्याचा मे महिना सत्तेचाळीस अंशांपर्यंत जातो, त्यावर इंजिनाची धग. आतलं इन्सुलेशन तिथे हार मानतं, तासाभराने निवलं की पुन्हा शहाण्यासारखं वागतं. म्हणून गॅरेजमध्ये सकाळी केलेली तपासणी मी धरतच नाही. कॉइलवर संशय असेल तर ती दुपारी टिनाच्या पत्र्यावर उन्हात ठेवतो आणि तापलेलीच गाडीला लावून बघतो. या कामापुरतं आपलं ऊन फुकटचं यंत्र आहे. रस्त्यात असाल तर कॉइलवर ओलं फडकं ठेवा. त्याने गाडी चालू झाली तर दोषी बहुधा सापडला.

कंडेन्सरच ठरला, तर नवा मी इंजिनाजवळ बसवत नाही. मोटारीचा चांगला कंडेन्सर घेऊन टाकीखाली, हवा लागेल असा बसवतो आणि त्याची अर्थ नीट घासून देतो. मूळ जागेचा आग्रह धरणारे शौकीन नाराज होतात. होऊ देत.

बुलेटवाल्यांकडे एक हत्यार आयतंच असतं, पण ते बघत नाहीत: हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअर मीटर. चावी लावा, डिकॉम्प्रेसर दाबा, किक हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा वीज तिथवर पोचत नाही. झुकून तिथेच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी तार अर्थला लागली आहे. एकही नट न उघडता एवढं कळतं.

पॉइंटचा गॅप बुलेटला साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. पॉलिश पेपरने घासून ठेवला की झालं, असा समज आहे. पण एका टोकावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा पडला असेल तर फिलर गेज टेकडीवर टेकतं आणि खोटं माप देतं. शिवाय कॅमवर घासणारी फायबरची टाच कोरडी राहिली तर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. गाडी तापते, ओढत नाही, आणि दोष पिस्टनला जातो. आधी गॅप, मग टायमिंग. उलटा क्रम केला तर दोन्ही बिघडतात. टायमिंगसाठी पॉइंट आणि अर्थ यांमध्ये बॅटरीच्या व्होल्टेजचा छोटा बल्ब जोडतो. चावी चालू ठेवून इंजिन हाताने फिरवलं की पॉइंट उघडताक्षणी तो पेटतो.

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजमध्ये विक्रम नोंदवला गेला. त्या रस्त्याने माझं काम वाढलं, असं माझं मत आहे. पूर्वी खड्ड्यांमुळे गाडी चाळिसाच्या वर जायची नाही. आता सत्तरने सलग पळवली की जुनी कॉइल तिचं खरं रूप दाखवते.

पावसाळ्यात दुखणं बदलतं. रिमझिम असेल तेव्हा रात्री दिवा मालवून गाडी चालू करा. प्लग कॅपपासून इंजिनाच्या पाख्यांपर्यंत निळी रेघ सरपटताना दिसेल. तिथे कॅप आणि वायर बदला. पॉइंट काढून सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवायची घाई नको. पॉइंटवाली गाडी बोरगाव मंजूला अडली तर मिसरीच्या कागदाने टोकं साफ करून घरी येता येतं. सीडीआयचा डबा गेला तर टेम्पो शोधावा लागतो.