रस्ता बघून ऑपरेशन

श्वास सोडताना मूल वाजलं तर बहुधा दमा. आत ओढताना वाजलं तर अडचण वर, स्वरयंत्रात. दोन्ही वेळा वाजलं की मला स्वरतंतूंच्या खालच्या भागाचा संशय येतो. अशी मुलं बऱ्याचदा अपुऱ्या दिवसांची, जन्मल्यावर व्हेंटिलेटरवर राहिलेली. नळीनं जीव वाचवला, पण ती जिथे घासली तिथे वण धरला. जागाही वाईट. क्रिकॉइड ही श्वासमार्गातली एकमेव पूर्ण गोल कूर्चा, तिला फुगायला वाव नाही. नवजात बाळात तिथला व्यास जेमतेम ४-५ मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की पाऊण वाट बंद.

असा वण कापायचा कार्बन डायऑक्साइड लेसर स्वरयंत्रावर आणला तो बोस्टनच्या स्ट्राँग आणि जॅको यांनी, १९७२ च्या सुमारास. पेशींतलं पाणी हा किरण तिथल्या तिथे शोषून घेतं, म्हणून तो खोल न जाता वरचेवर कापतो. म्हणूनच मुलाच्या डोळ्यांवर, चेहऱ्यावर ओलं गॉज ठेवतो. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारतो,

‘मॅडम, ऑक्सिजन?’

‘तीस टक्क्यांच्या खाली आणलाय, चालू द्या.’

हे ऐकल्याशिवाय पाय लेसरच्या पेडलवर जात नाही. भरपूर ऑक्सिजनमध्ये लेसरनं श्वासाची नळी पेट घेऊ शकते. मग वणाला तीन-चार चिरा, चाकाच्या आऱ्यांसारख्या, मधलं अस्तर शाबूत ठेवून. सगळा वण जाळून टाकायचा मोह नव्या सर्जनला हमखास होतो; गोल जखम भरताना पुन्हा गोलच आवळते. चिरांनंतर फुग्यानं वाट रुंद करायची. वण जाड, लांब असेल तर लेसरच्या नादी लागूच नये. बरगडीची कूर्चा बसवावी.

ऑपरेशन कधी करायचं हे मात्र मी भोर-वेल्ह्याचा पाऊस बघून ठरवतो. लेसरनंतर सूज येते, वण परत धरू शकतो. पुण्यातलं मूल रात्री-अपरात्रीही लगेच येतं. केळदच्या मुलानं आषाढात वेल्हे, नसरापूर, कात्रज करत पुण्याला कधी पोचायचं? हिरडस मावळाची तीच गत. म्हणून विचारतो: गाडी कुणाकडे आहे, ओढ्याला पाणी आलं की रस्ता राहतो का, पुण्यात नातेवाईक कोण. गळ्याला नळी बसवून पावसाळा काढावा म्हटलं, तर ती चोंदली की आईनंच साफ करायची. वीज गेली की सक्शन मशीन बंद. तेव्हा पायानं चालवायचा पंप देतो, आणि वॉर्डात आईकडून सगळं पुन्हा पुन्हा करून घेतल्याशिवाय घरी सोडत नाही. एका आईनं तर सासूलाही बोलावून घेतलं. म्हणाली, ‘लावणीला मी शेतात असते, बाळ आत्यापाशी असतंय. त्यांनाबी शिकवा.’