बळी तो कान पिळी?

दोस्तांनो, परवा आमच्या इमारतीखाली क्रिकेटसाठी भिडू निवडणं चाललं होतं. सगळे निवडून झाले आणि एकजण तेवढा उरला. त्याला दमा आहे, जरा पळालं की धाप लागते. तेवढ्यात नववीतले एक महाशय ऐटीत म्हणाले, "डार्विनने सांगूनच ठेवलंय, बळी तो कान पिळी! सायन्स आहे हे!" सगळे हसले. तो मुलगाही हसला, पण उसनं.

मी गॅलरीत उभा होतो. खरं सांगू? हेच वाक्य मी कितीतरी मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. अमका गरीब का? तमका मागे का पडला? "निसर्गाचा नियमच आहे हो!" असं म्हटलं की झालं. मग पुढे विचार करायला नको आणि मदत तर नकोच नको!

पण डार्विन खरंच असं म्हणाला होता का? त्याचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक १८५९ साली निघालं. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द त्यात नव्हतेच. ते १८६४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज लेखकाने वापरले. डार्विनने ते उचलले १८६९ च्या आवृत्तीत. आणि त्यातल्या 'फिट'चा अर्थ दंडात बेटकुळ्या असलेला, असा नाही बरं का! फिट म्हणजे त्या वेळच्या परिस्थितीला जुळणारा.

गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांचंच पाहा. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याने तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून त्यांच्या चोची मोजल्या. १९७७ मध्ये दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, कठीण तेवढ्या उरल्या. त्या फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी जास्त जगले. पुढे १९८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांची चंगळ झाली आणि लहान चोचवाल्यांचं फावलं! आता सांगा, श्रेष्ठ चोच कुठली? प्रश्नच चुकीचा आहे, नाही का?

माणसांच्या बाबतीत हा चुकीचा प्रश्न विचारला की काय होतं, तेही ऐका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची एक गरीब मुलगी होती. तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी आणि तिची वर्षाचीही नसलेली मुलगी व्हिव्हियनसुद्धा तशीच, असं ठरवण्यात आलं. 'अशांची' संख्या वाढू नये, म्हणून कॅरीला पुन्हा मूल होणार नाही अशी शस्त्रक्रिया करायची होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये परवानगी दिली आणि ती झालीही. पुढे व्हिव्हियन शाळेत गेली आणि चक्क गुणवंत मुलांच्या यादीत झळकली! बिचारी आठ वर्षांची असताना आजारपणात गेली. कॅरी मात्र १९८३ पर्यंत जगली. तिला भेटलेल्या अभ्यासकांना ती चारचौघांसारखीच शहाणी वाटली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून जास्त लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी माफी मागितली, पण २००२ साली!

आणखी एक गोष्ट. निसर्गात अमुक घडतं, म्हणून माणसानेही तसंच वागावं, हे कुठून आलं? गुरुत्वाकर्षणामुळे वस्तू खाली पडतात हे खरं. म्हणून जिन्यावरून कोणी घसरला, तर "नियमच आहे" म्हणून आपण बघत राहतो का? पटकन हात देतोच ना?

गंमत म्हणजे, ज्या समूहात एकमेकांविषयी कणव असणारे लोक जास्त, तो समूह जास्त भरभराटतो, असं डार्विननेच १८७१ साली 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये लिहून ठेवलंय. त्याचं नाव घेऊन दुसऱ्याचे कान पिळणाऱ्यांनी ते पान उघडलेलं दिसत नाही!

तेव्हा दोस्तांनो, कुणाला मागे ठेवताना कोणी "निसर्गाचा नियम आहे" म्हणालं, तर न घाबरता, नम्रपणे एवढंच विचारा, "नियम निसर्गाचा, की तुमच्या सोयीचा?"