दाभोळ ते जयगड: खाड्यांची वाट

कोंकणांत जाणाऱ्या पुणेकरांचा नेहमींचा क्रम असा कीं, हमरस्त्यानें चिपळूण गांठावें, तेथून गुहागर, देवदर्शन, जेवण आणि परत. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं मुद्दाम निराळी वाट धरली. दापोलीस मुक्काम केला आणि तेथून मोटारीनें किनाऱ्याकिनाऱ्यानें गणपतीपुळ्यापर्यंत गेलों. बरोबर सौभाग्यवती, बारा वर्षांचे चिरंजीव आणि ऐंशी ओलांडलेली आत्या होती. गुहागरचें वडिलोपार्जित घर विकावें असें आम्हां भावांचें ठरलें होतें; कागदावर आत्याची सही तेवढी हवी होती. ती म्हणाली, "घर पाहिल्याखेरीज मी सही करावयाची नाहीं."

या वाटेवर घाई चालत नाहीं. सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या येथें खाड्या होऊन समुद्रास मिळतात आणि प्रत्येक खाडीपाशीं रस्ता तुटतो. दाभोळास वाशिष्ठीची खाडी, तवसाळास शास्त्रीची. वळसा घालून जावें तर तासांमागून तास मोडतात. फेरीबोटींत मोटार चढविली कीं थोड्याच वेळांत पैलतीर. बहामनी व आदिलशाही काळीं गजबजलेलें दाभोळ बंदर आज निवांत आहे. धक्क्यावर उभी राहून आत्या चिरंजिवांस सांगत होती, "आम्ही मुंबईहून आगबोटीनें येत असूं. बोट खोल पाण्यांत थांबे. मग पडाव येत. हेलकाव्यांत पाऊल केव्हां टाकावयाचें हें तांडेल सांगे."

पलीकडे धोपाव्यास उतरल्यावर रस्ता एकदां जांभ्याच्या उघड्या सड्यावर चढतो, एकदां माडापोफळींच्या सावलींत उतरतो. सड्यावर वारा आणि वाळलेलें गवत. खालीं विहिरी, गडगे आणि शेणानें सारवलेलीं अंगणें. गुहागरांत व्याडेश्वराचें दर्शन घेतलें आणि घर उघडलें. कुलूप गंजलें होतें. माजघरांत अंधार, रहाट मोडलेला. आत्या ओटीवर बराच वेळ बसली. कांहीं बोलली नाहीं. आम्हींही सहीचा विषय काढला नाहीं.

हेदवीच्या वाटेवर तिनें एकदम विचारलें, "आज तिथि कोणती?" वद्य द्वितीया होती. "दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजतां पूर्ण भरती. तेव्हां बामणघळीवर पोंचावयास हवें." तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चिरंजिवांनीं खात्रीसाठीं मोबाइल काढला. तेथें रेंज नव्हती.

बामणघळ म्हणजे काळ्या खडकांतील एक अरुंद, लांब चीर. लाट आंत शिरते, शेवटास आदळते आणि पाण्याचा खांब उंच उभा राहतो. दीडच्या सुमारास एक लाट अशी उसळली कीं, दूर उभे असूनही आम्ही भिजलों. खडक निसरडा असल्यानें जवळ जाण्याचें धाडस कोणीं करूं नये. चिरंजीव मात्र समुद्राकडे न पाहतां आत्याकडे पाहत होते. "आजी, हें तुला कोणीं शिकविलें?" "त्याच घरानें," ती म्हणाली.

तवसाळास फेरीबोट नुकतीच सुटली होती. समोर जयगडचा किल्ला दिसत होता. या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे; पूल झाले म्हणजे गांवकऱ्यांचे हाल वांचतील, हें बरेंच होईल. पण त्या दिवशीं थांबावें लागलें म्हणूनच आत्या बोलली. कागद माझ्या हातीं परत देत ती म्हणाली, "घर विकूं नका असें मी म्हणत नाहीं. तुम्हांस तेथें राहावयाचें नाहीं, हें मला कळतें. पण घरांतल्या सगळ्या मुलांना एकदां या वाटेनें आणा. मग कागद आणा."

गणपतीपुळ्यास पोंचलों तेव्हां सूर्य पाण्यास टेकत होता. येत्या वैशाखांत चारही बिऱ्हाडांतील मुलें घेऊन निघावयाचें ठरलें आहे. कागद कपाटांत आहेत. चिरंजिवांनीं दिनदर्शिका काढून प्रत्येक तिथीपुढें भरतीची वेळ मांडावयास घेतली आहे.