खेळ आणि जुगार

सन २०२३ च्या पौषांत आमच्या पुतण्यानें कापसाचे आलेले पैसे मोबाइलवरील रमींत घालविले. आम्ही त्यास बोलूं लागलों तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "काका, तुम्ही म्हणतां तसा हा जुगार नव्हे, गेम आहे." रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालींच म्हटल्याचेंहि त्यास पाठ होतें. घरांत वहिनी रडत होत्या. रागावणें सोपें होतें. परंतु जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्याची खोड अशी कीं, रागाच्या भरांतहि तो शब्दाचें मूळ शोधूं लागतो. त्या रात्रीं आम्हीं कोश उघडले.

आपला 'खेळ' ज्या खेल् धातूच्या कुळांतला, त्याचा अर्थ धातुपाठांत नुसतें हालणें एवढाच दिला आहे. नवल असें कीं, जर्मन शाखेच्या भाषांतहि हाच प्रकार. इंग्रजी 'प्ले'चा पूर्वज चपळ हालचाल दाखवी. जर्मन 'श्पील'च्या मुळाशीं नृत्य आहे. गॉथिक भाषेंत 'लाइकन' म्हणजे उडी मारणें, आणि पंडित त्याचें नातें वेदांतील थरथरणें या अर्थाच्या रेज् धातूशीं लावतात. स्वीडनमध्यें अंगणांतल्या मुलांच्या खेळास एक क्रियापद आणि पत्ते, जुगार व वाद्य यांस दुसरें. ही सोय आपल्याकडे असती तर बरें झालें असतें! राहिला पुतण्याचा लाडका 'गेम'. त्याचा जुना अर्थ आनंद, करमणूक. आणि जुगार खेळणें या अर्थाचा 'गॅम्बल' हा शब्दहि त्याच घरांत जन्मला. ज्या शब्दाची ढाल त्यानें आमच्यापुढें धरली, तिच्या मागेंच चोर बसला होता.

आपल्या 'जुगारा'ची कथा याहून चमत्कारिक. मूळ शब्द 'द्यूतकार', म्हणजे द्यूत खेळणारा. प्राकृतांत झिजून त्याचा 'जुगार' झाला आणि खेळणाऱ्याचें नांव खेळासच चिकटलें. मग माणसाकरितां 'जुगारी' हा शब्द नव्यानें घडवावा लागला. खेळानें माणूस गिळला, असें आम्ही वर्गांत विनोदानें सांगत असूं. त्या रात्रीं हंसूं आलें नाहीं. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, तेव्हां 'बाजी' हा फारशी शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं सहज असे. ज्या क्रियापदापासून तो निघाला त्या 'बाख्तन'चे अर्थ दोन: खेळणें आणि हरणें.

विटीदांडूंत मात्र आम्ही पोरें 'वकट, लेंड, मूंड, नाल' असें मोजीत असूं. हे तेलुगू अंक, हें आम्हांस मास्तर झाल्यावर कळलें. तेथें पणास लागे तो फार तर एखादा राज्य देण्याचा अपमान.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास घेऊन आम्ही अजिंठ्यास गेलों. फर्दापूरहून लेणीं दोन कोसांच्या आंतच. पण घरचीं माणसें पाहुण्यांखेरीज तिकडे फिरकत नाहींत. दुसऱ्या लेण्यांत विधुरपंडित जातक चितारलें आहे. झोपाळ्यावर झुलणारी नागकन्या इरंदती, तिच्यावर भुललेला पूर्णक यक्ष, आणि मग कुरुराजाशीं त्याचा द्यूताचा डाव. राजा हरतो आणि आपला शहाणा प्रधान विधुर गमावतो. झोपाळ्यापाशीं आम्हीं त्यास खेल् धातु सांगितला. फाशांपाशीं कांहीं सांगितलें नाहीं.

तो बराच वेळ उभा होता. परततांना त्यानें विचारलें, "राजाला प्रधान परत मिळाला का?"

"मिळाला. यक्षानेंच आणून पोंचविला."

पुढें २०२५ च्या ऑगस्टांत, कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संसदेनें केला. तें वर्तमान त्यानेंच आम्हांस वाचून दाखविलें. सोसायटीच्या कर्जाचा एक हप्ता तेव्हांहि राहिलाच होता.