मागच्या सीटची सिएरा

टाटा सिएरा ओळखायची असेल तर तिला समोरून बघू नये. समोरून ती पिकअपच दिसते. सपाट बॉनेट, चौकोनी दिवे, सरळसोट नाक. तिचा पायाच टाटामोबाइल या पिकअपचा होता, त्यामुळे चेहरा वारशाने आलेला. तिचं स्वतःचं रूप दरवाजाच्या मागे सुरू होतं. तिथे पत्रा संपतो आणि काच लागते. ही काच खिडकीपुरती थांबत नाही, वर वळते आणि थेट छतात शिरते. मागे दारावर स्टेपनी लटकलेली, आणि तिच्यापुढे दोन्ही बाजूंना हा एवढा मोठा उजेड.

1991 साली ही गाडी आली तेव्हा रस्त्यावर अँबॅसिडर होती, प्रीमियर पद्मिनी होती आणि मारुती 800 होती. टेल्को (आजची टाटा मोटर्स) म्हणजे ट्रकवाले, अशीच सगळीकडे ओळख. त्या कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यातून एसी आणि बटणावर खालीवर होणाऱ्या खिडक्या असलेली गाडी बाहेर पडली, याचंच लोकांना अप्रूप होतं. माझं मन मात्र त्या काचेवर जडलं. छताच्या कडेला काच बसवण्याची कल्पना नवी नव्हती. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरीत ती होती, पण तिथे छताजवळ वेगळी, अरुंद पट्टी होती. सिएराने खिडकी आणि ती पट्टी यांच्यातला पत्राच काढून टाकला. पहिल्यांदाच घरगुती वापराची गाडी करणाऱ्या कंपनीने एवढं धाडस करावं, याचं कौतुक मला आजही वाटतं.

स्वभावाने ती मानी. बाजूला दरवाजे दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट कलती करायची, वाकून, अंग चोरून आत शिरायचं. नऊवारीतल्या आजीला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांना हे जमण्यासारखं नव्हतं, आणि आपल्याकडे गाडी घेताना पहिला विचार त्यांचाच होतो. मागची काच उघडतही नसे. छतात वळलेली काच खाली सरकवणार कुठे? म्हणजे वारा नाही, सगळी भिस्त एसीवर. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात एवढ्या काचेखाली बसणं म्हणजे काय, ते बसलेल्यालाच ठाऊक. त्यात 1948 सीसीचं सुरुवातीचं डिझेल इंजिन, टर्बो नसलेलं आणि या अंगाला तोकडं. चढ लागला की एसी बंद करायचा, तो संपला की परत लावायचा. पुढे टर्बो आला तेव्हा तिच्यात जरा जीव आला.

लोकांनी शेवटी सुमो घेतली. टेल्कोचे माजी अध्यक्ष सुमंत मूळगावकर यांच्या नावातून जिचं नाव घडलं ती सुमो 1994 मध्ये आली. ती चौकोनी, ऐसपैस, दरवाजे भरपूर, अख्खं बिऱ्हाड सामावून घेणारी. तिचा हिशेब चोख होता, त्यात वादच नाही. लग्नाचं वऱ्हाड आणि शेतातली पोती दोन्ही तिने वाहिली. सिएरा मागे पडली आणि 2003 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं.

तरीही माझ्या लेखी तिच्या आखणीत एक गोष्ट आहे, जी त्यानंतरच्या फार थोड्या गाड्यांत दिसते. गाडीचं देखणेपण बहुतेक वेळा बाहेरून बघणाऱ्यासाठी असतं. सिएराने आपली सगळ्यात सुंदर गोष्ट मागच्या सीटवरच्या माणसाला दिली. पावसाळ्यात वरंध किंवा ताम्हिणी घाट चढताना बघण्यासारखं असतं ते डोक्यावर: काळ्या कड्यांवरून उतरणारं पाणी, शेंड्याला अडकलेले ढग. नेहमीच्या गाडीत खिडकीची वरची कड नेमकी तिथेच आडवी येते. सिएरात मूल मान न वाकवता कड्याचा माथा बघायचं. मागे बसणं ही तिथे शिक्षा नव्हती, मानाची जागा होती.

आता शोरूममधल्या एसयूव्हींकडे बघा. खिडकीखालचा पत्रा वर वर चढत चाललाय, मागच्या दाराची काच मागे निमुळती होत त्रिकोणावर आलीय, आणि तिच्यामागे जाडजूड खांब. याला कारणं आहेत. बाजूने धडक बसली तर पत्र्याने तग धरायला हवा, आणि मोठ्या चाकांवर अंगही उंच लागतं. ही कारणं मला मान्य आहेत. पण त्रिकोणी काच ही सुरक्षेची गरज नव्हे, ती फॅशन आहे. गाडी दांडगट दिसावी म्हणून आतल्या पोराला प्लॅस्टिकच्या भिंतीकडे बघत प्रवास करायला लावणं मला पटत नाही.

2025 च्या अखेरीस सिएरा हे नाव परत आलं. या वेळी बाजूला चार दरवाजे आहेत, आणि ते योग्यच झालं. आजी-आजोबांना न्याय मिळाला. मात्र मागचे दरवाजे आले, आणि ती अखंड वळलेली काच गेली. काळ्या पट्ट्यांनी तिचा आभास तेवढा जपलाय. नवी गाडी चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण जुनीची जागा तिने घेतली, असं मी म्हणणार नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीत, गावाकडे कुणाच्या गोठ्याशेजारी जुनी सिएरा उभी असेल, तर ती भंगारात घालू देऊ नका. इंजिन दुरुस्त होतं, पत्रा ठोकून घेता येतो, सीटची कव्हरंही शिवून मिळतात. ती मागची काच फुटली तर तशी दुसरी मिळणं फार कठीण आहे. तेवढी सांभाळायला सांगा.