अर्धं टायफून

दिवाळीच्या साफसफाईत आईने माळ्यावरून माझी जुनी कंपासपेटी काढली. आत रबरबँड वितळून एकमेकांना चिकटलेली चाळीसेक यू-गी-ओ कार्डं होती आणि सगळ्यात खाली एका कार्डाचा अर्धा तुकडा. वरचा, चित्राचा भाग गायब. खालच्या भागावर इंग्रजीत एकच वाक्य. त्याचा अर्थ असा, की मैदानावरचं एक मॅजिक किंवा ट्रॅप कार्ड नष्ट करा.

ते कार्ड मी फाडलं होतं, पाचवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत.

आमचं भिंगार म्हणजे नगरला चिकटलेलं कॅन्टोन्मेंट. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून नगरच निघतं.) आर्मर्ड कोरचं सेंटर इथलंच, त्यामुळे एकीकडे आम्ही गावातली पोरं आणि दुसरीकडे दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी क्वार्टरमधली पोरं. तो क्वार्टरमधला, हरियाणाकडचा. तो इंग्रजी शाळेत, मी मराठी. आपसात हिंदी, आणि माझं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेलं.

टपरीवर दहा रुपयांना डुप्लिकेट कार्डांचं पाकीट मिळायचं. त्यात नियमांचं पुस्तक नसायचं. कार्टून बघून जे कळलं ते नियम, आणि कार्डावर काय लिहिलंय ते तो वाचून सांगणार. म्हणजे खेळाडूही तोच आणि अंपायरही तोच. मला ते आधीपासूनच खुपत होतं, पण दुसरं कुणी खेळायला नव्हतं.

त्या दुपारी त्याचे तीन मॉन्स्टर समोर होते, त्यातला एक निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन. मी हरत आलो होतो आणि मला रायगेकी आलं. समोरच्याचे सगळे मॉन्स्टर खलास करणारं कार्ड. ते न वाचताही पाठ होतं. मी ते टाकलं. त्याने हातातलं मिस्टिकल स्पेस टायफून त्यावर आपटलं आणि म्हणाला, "तेरा कार्ड डिस्ट्रॉय. मतलब कॅन्सल."

"झूठ बोलता है. ऐसा लिखाच नहीं है."

त्याने कार्ड माझ्या तोंडासमोर धरलं. "पढ ले."

मला वाचता येत नव्हतं. मी ते त्याच्या हातातून ओढलं आणि टरकन फाडलं. त्याने चित्राचा तुकडा उचलला आणि तो निघून गेला. शाळा सुरू व्हायच्या आत त्याच्या वडिलांची बदली झाली. क्वार्टरसमोर ट्रक उभा होता, पांढऱ्या रंगाने नाव-नंबर लिहिलेल्या काळ्या ट्रंका चढत होत्या. मी रस्त्याच्या अलीकडे सायकलवर एक पाय टेकून थोडा वेळ थांबलो आणि घरी आलो.

परवा रात्री, सतरा-अठरा वर्षांनी, मी मोबाइलवर यू-गी-ओचे खरे नियम वाचायला बसलो. पुण्यात दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे वाटलं होतं अर्ध्या तासात उरकेल. दोन वाजले.

काझुकी ताकाहाशी यांची मांगा १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये कोनामीने तिच्यावरून पत्ते काढले, २००२ मध्ये ते इंग्रजीत आले. इथवर ठीक. पण जादूच्या कार्डांचे सहा प्रकार असतात हे मला कुठे माहीत होतं! साधं, कायम राहणारं, मॉन्स्टरला जोडायचं, मैदानाचं, विधीचं आणि झटपट खेळायचं. प्रकार ओळखायला कोपऱ्यात छोटं चिन्ह असतं. झटपटचं चिन्ह वीज. आम्हाला ती चिन्हं नक्षी वाटायची.

त्यावर स्पेल स्पीड असतो, एक ते तीन. कुणी कार्ड टाकलं की त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने टाकायचं, त्यावर पुन्हा पहिल्याने. अशी साखळी तयार होते. पण स्पीड एकचं कार्ड कशालाही उत्तर म्हणून चालत नाही, आणि स्पीड तीनला उत्तर फक्त तीनच. साखळी सुटते उलटी, शेवटचं कार्ड सगळ्यात आधी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्टॅक शिकवताना सर ताटांच्या चळतीचं उदाहरण द्यायचे. हे जास्त बरं पडलं असतं.

आता आमचा डाव. पहिला दुवा माझं रायगेकी, दुसरा त्याचं टायफून. टायफून आधी सुटणार, रायगेकी नष्ट होणार. मग पहिल्या दुव्याची पाळी. आणि नियम सांगतो की रायगेकी तरीही चालतं. साधं जादूचं कार्ड एकदा सुरू झालं की ते कार्ड स्वतः मैदानावर उरलं की नाही याने फरक पडत नाही. नष्ट करणं वेगळं, रद्द करणं वेगळं. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची फाइल डिलीट केली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो, तसंच. कायम राहणारं किंवा जोडायचं कार्ड असतं, तर मात्र टायफूनने त्याचा प्लगच काढला असता. रायगेकी रद्द करायला मॅजिक जॅमरसारखं कार्ड लागतं. हातातलं एक कार्ड टाकून द्यायचं आणि समोरच्याची जादू सुरूच होऊ द्यायची नाही.

म्हणजे त्याचे तिन्ही मॉन्स्टर गेले होते. मी अंथरुणात उठून बसलो.

पुढे आणखी एक निघालं. झटपट कार्ड समोरच्याच्या पाळीत हातातून टाकताच येत नाही, ते आधीच्या पाळीत पालथं ठेवलेलं असावं लागतं. त्याने तर सरळ हातातून आपटलं होतं. खटला दोन्हीकडून माझ्या बाजूने! (आठ ताऱ्यांचा तो ड्रॅगन उतरवायला आधी दोन मॉन्स्टर बळी द्यावे लागतात, हेही कळलं. आम्ही दोघंही तो नुसता ठेवून द्यायचो, त्यामुळे त्यावर न बोललेलं बरं.)

मग तो तुकडा पुन्हा हातात घेतला. कार्ड डुप्लिकेट होतं, पण मजकूर शब्दाला शब्द बरोबर होता. आणि त्याने वाचलेलंही बरोबर होतं. डिस्ट्रॉय लिहिलं होतं, डिस्ट्रॉयच म्हणाला. 'मतलब'च्या पुढचं त्याचं. ते कार्डावर नव्हतंच, ते त्या पुस्तकात होतं जे दहा रुपयांत येत नव्हतं. ही चूक जगभर इतक्यांनी केलीय की टायफून रद्द करत नाही हे वाक्य या खेळात म्हणीसारखं झालंय. २०११ पासून कोनामीने कार्डांची भाषाच बदलली, नीट विरामचिन्हांसकट. अर्धविरामाच्या आधी लिहिलेलं कार्ड टाकतानाच करायचं, नंतरचं ते सुटताना. टायफूनवर आता तसाच अर्धविराम आहे. मी ऑफिसात लोकांच्या कोडमधल्या अर्धविरामांवरून कटकट करतो, ते आठवून हसू आलं.

मी त्याला नियम चुकला म्हणालो नव्हतो. मी खोटारडा म्हणालो होतो. आणि फाडलं ते त्याने चूक केली म्हणून नाही, त्याने मला वाचायला सांगितलं म्हणून.

फेसबुक, इन्स्टा, सगळीकडे शोधलं. पण मला त्याचं फक्त घरातलं लाडाचं नाव माहीत आहे. आडनाव त्या ट्रंकांवर असणार, त्याच्या वडिलांच्या नावापुढे, इंग्रजीत.

सकाळी आई केरसुणी घेऊन दारात उभी. "अरे, हे फाटकं तरी टाकू का?"

"नको," म्हटलं. "ते माझं नाहीये."