पाण्यातली मोजणी

जमिनीवर चालणाऱ्याला वडाचं झाड, टपरी, वळणावरचा खांब अशा खुणा सापडतात. तलावात तळाची तीच फरशी आणि तीच काळी पट्टी. श्वासाकडे लक्ष दिलं की फेऱ्यांचा आकडा सुटतो, आकडा धरला की श्वास चुकतो.

नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या आमच्या शहरात अंगभर पाणी मिळणं हीच केवढी चैन! सिद्धार्थ उद्यानाजवळच्या महापालिकेच्या तलावात उतरायचं, तर त्या पाण्यात निव्वळ पोहावं, मोजत बसू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून मोजणी यंत्राकडे सोपवणं मला पटतं.

मनगटावरच्या घड्याळाला आधी तलावाची लांबी सांगायची, २५ मीटर की ५०. पाण्याखाली उपग्रहाचा संकेत पोचत नाही. म्हणून आतला सेन्सर हाताची लय वाचतो. भिंतीशी ती लय मोडते, पायांचा रेटा बसतो, अंग सुळकन पुढे जातं, की एक फेरी जमा. फळी धरून नुसते पाय मारले तर हात हलत नाहीत आणि पुष्कळ घड्याळांना फेरी झाल्याचं कळतच नाही. तिथे बोटात घालायचा छोटा काउंटर बरा. भिंत आली की अंगठ्याने बटण दाबायचं, बस्स.

पाण्यावर वेळ मोजणं आपल्याला नवं नाही. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडायचे. बुडाच्या छिद्रातून पाणी शिरून ते बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. सरावलेल्या माणसाचं तेवढ्यात किलोमीटरभर पोहून होतं.

शर्यतीत मात्र डोळ्यांवर विसंबून भागत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला हातातली घड्याळं लान्स लार्सनच्या बाजूने होती, पंचांच्या नजरेने सुवर्ण मिळालं जॉन डेव्हिटला. पुढे भिंतीवर टचपॅड आले. १९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलीचं सुवर्ण सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी ठरलं. तेवढ्या वेळात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या सगळ्या लेन इतक्या काटेकोर बांधणं अशक्यच. त्यानंतर निकाल शतांशावर थांबवले. वेळ सारखी आली तर पदक दोघांना. हा निर्णय मला फार न्याय्य वाटतो.

पण शतांशही कमी निष्ठुर नाही. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य ०.०१ सेकंदाने हुकलं. अंतिम फेरीत त्याची वेळ २२.४७. प्राथमिक फेरीत तो २२.४३ मध्ये पोहला होता, राष्ट्रीय विक्रम करून! हे आकडे वाचले की अजूनही चुटपुट लागते.

पुन्हा आमच्या तलावाकडे. मनगटी घड्याळ सगळ्यांना परवडत नाही. सुट्टीच्या बॅचला येणारी मुलं काठावरच्या सरांनाच विचारतात, ‘‘सर, किती झालं?’’ आणि सरांचं लक्ष तेव्हा पन्नास डोक्यांवर. प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या भिंतीवर सेकंदाचं मोठं घड्याळ हवं, चार रंगांचे काटे पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने फिरणारं. लाल काटा वर आला की पहिल्याने निघायचं, पाच सेकंदांनी दुसऱ्याने. परत आल्यावर मान वर करून ज्याची त्याने वेळ वाचायची.